ठेका कुणाचा, नाव कुणाचं

१९७३ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये दोन सिंगल रेकॉर्ड एकाच वेळी धडाक्यात खपत होत्या. एक डेव्हिड बोवीची ‘द जीन जिनी’, दुसरी स्वीट या चौकडीची ‘ब्लॉक बस्टर!’. दोन्ही आरसीए या एकाच कंपनीने काढलेल्या, आणि दोन्हींचा कणा असलेली गिटारची ओळ जवळजवळ तीच. जुन्या ब्लूजमधून बो डिडलीपर्यंत आलेली आणि यार्डबर्ड्सनी वेगात वाजवलेली ती ठसकेबाज ओळ. कुणी कुणाची उचलली यावर तेव्हा बरीच कुजबुज झाली. स्वीटचे गीतकार म्हणाले, निव्वळ योगायोग. बाजाराने मात्र निकाल चोख दिला. ‘ब्लॉक बस्टर!’ पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलं आणि ‘जीन जिनी’ दुसऱ्या क्रमांकाला हात लावून खाली उतरलं.

पन्नास वर्षांनंतर हिशोब उलटला आहे. ‘जीन जिनी’वर पानंच्या पानं लिहिली गेली. शीर्षकात फ्रेंच लेखक ज्याँ जने लपलाय का, गाण्यातला तो अर्धवट रानटी नायक म्हणजे कोण, अमेरिकेच्या दौऱ्यात बोवीने काय पाहिलं, सगळ्याचा कीस पाडून झाला. ‘ब्लॉक बस्टर!’वर कुणी काय लिहिलंय हे शोधायला गेलं, तर सुरुवातीचा भोंगा आणि मधेच बेसवादक स्टीव्ह प्रीस्टने मुरका मारत टाकलेला एक चावट उद्गार, यापलीकडे फारसं हाती लागत नाही.

ग्लॅम रॉकचे दोन चाहते भेटले की तिसरं नाव निघतंच, आणि ते नेहमी कुठल्या तरी ‘दुर्लक्षित’ कलाकाराचं असतं. हा वाद मी कित्येक वर्षं ऐकत आले आहे आणि हिरिरीने घालतही आले आहे. बोवीला सगळे ओळखतात, बोलनलाही त्याचं मिळालं, पण मिक रॉन्सनचं काय? मॉट द हूपलचं काय? जोब्रायथ ऐकलाय का? तिथून जी गाडी सुटते ती कुणाच्या तरी माळ्यावर पडलेल्या, कुणीच न घेतलेल्या एखाद्या सिंगलवर येऊन थांबते. नाव जितकं अनोळखी, तितकं ते काढणाऱ्याचं वजन जास्त, असा या मंडळींचा अलिखित नियम आहे. या पुस्तकातले लेख त्याच वादातून निघाले, म्हणून सुरुवातीलाच माझी बाजू सांगून टाकते. ग्लॅम रॉकमधला मान ज्यांच्याविषयी लिहिता येतं त्यांच्याकडे गेला. ज्यांचं फक्त ऐकता येतं किंवा ज्यांच्या ठेक्यावर फक्त नाचता येतं, ते मागे राहिले. आणि सगळ्यात मागे कोण राहिलं, तर ज्यांच्या रेकॉर्ड लाखांनी खपल्या ते.

हे पटवून देण्याआधी प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. ग्लॅम रॉक म्हणजे साधारण १९७१ ते १९७५ या काळातला, मुख्यतः इंग्लंडमधला प्रकार. त्याआधीचा रॉक फार गंभीर झाला होता. दाढ्या, फिकट जीन्स, वीस-वीस मिनिटांचे गिटारचे आलाप, आणि सिंगल म्हणजे पोरासोरांचा माल अशी समजूत. त्यात १९७१ च्या मार्चमध्ये टी. रेक्सचा मार्क बोलन बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात ‘हॉट लव्ह’ गायला आला, तो डोळ्यांखाली चमकी लावून. ती लावली होती त्याच्या गोतावळ्यातल्या चेलिता सेकुंडाने. बीबीसीची मुख्य वाहिनी रंगीत होऊन तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं, आणि साटीन, चमकी, चंदेरी बूट हे सगळं रंगीत पडद्यासाठीच जन्मल्यासारखं दिसत होतं. ‘हॉट लव्ह’ सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पुढची काही वर्षं देशाची स्थिती बेताची होती. १९७२ च्या सुरुवातीला खाण कामगारांच्या संपामुळे घरोघरी दिवे जात होते, आणि १९७४ च्या पहिल्या दोन महिन्यांत तर वीज वाचवायला कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवायचा हुकूम निघाला. त्या अंधारलेल्या गावांमधली बारा-चौदा वर्षांची मुलं खाऊचे पैसे साठवून सात इंची तबकड्या विकत घेत होती. ग्लॅमचा खरा श्रोता तोच, आणि लिहिणाऱ्यांनी सगळ्यात कमी मानला तोही तोच.

लिहिणारे कोण होते? ‘मेलडी मेकर’, ‘एनएमई’, ‘साउंड्स’ अशी संगीताची साप्ताहिकं तेव्हा जोरात होती आणि त्यांतले तरुण समीक्षक साहित्य, चित्रकला, सिनेमा यांवर पोसलेले होते. त्यांना बोवी म्हणजे पर्वणीच. १९७२ च्या जानेवारीत त्याने ‘मेलडी मेकर’ला मुलाखत देऊन आपण समलिंगी असल्याचं सांगितलं, सहा महिन्यांनी झिगी स्टारडस्ट नावाचं परग्रहावरचं पात्र उभं केलं, आणि वर्षभरात हॅमरस्मिथच्या रंगमंचावर ते संपवलंही. ३ जुलै १९७३ च्या त्या रात्री हा शेवटचा कार्यक्रम असं त्याने जाहीर केलं तेव्हा त्याच्या मागे वाजवणाऱ्या ट्रेव्हर बोल्डर आणि मिक वूडमन्सी यांना त्याचा पत्ताही नव्हता. रॉक्सी म्युझिकचा ब्रायन फेरी न्यूकॅसलला रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकाराच्या हाताखाली शिकलेला, ब्रायन ईनोही कलाशाळेतला. यांच्यावर लिहायला संदर्भ आयते मिळायचे. मी बोवी किंवा रॉक्सी यांची कलावंत म्हणून किंमत कमी करत नाही. रॉक्सीचा ‘फॉर युअर प्लेझर’ हा अल्बम मला आजही धाक घालतो. फक्त एवढंच, की लिहायला सोपं ते थोर, अशी सवय लागली ती लागलीच.

आता रॉन्सन. चाहत्यांच्या वादात पहिलं नाव बहुतेक वेळा याचंच निघतं आणि माझा त्याला विरोध नाही. मिक रॉन्सन हल शहरातला. १९७० च्या सुरुवातीला तो तिथल्या नगरपालिकेकडे माळी म्हणून नोकरी करत होता. बोवीसाठी त्याला बोलवायला जुना सहकारी जॉन केंब्रिज गेला, तेव्हा रॉन्सन रग्बीच्या मैदानावर चुन्याच्या रेघा आखत होता, अशी हकिकत सांगतात. लहानपणी पियानो आणि व्हायोलिन शिकलेला हा माणूस लंडनला आला, बोवीचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी वाद्यमेळ कसा लिहितो हे शेजारी बसून पाहत राहिला, आणि वर्ष-दीड वर्षात स्वतः लिहू लागला.

‘लाइफ ऑन मार्स?’ हे गाणं कान देऊन ऐका. पियानो रिक वेकमनचा, शब्द आणि चाल बोवीची. पण दुसऱ्या कडव्यापासून खालून जे तंतुवाद्यांचं पाणी चढत येतं आणि ध्रुवपदाशी बांध फोडतं, ते रॉन्सनचं. गायक वरच्या सुरावर पोचायच्या किंचित आधी चेलो त्याच्यासाठी पायरी घालून ठेवतात. गाणं संपलं असं वाटताना तालवाद्यं उरतात, तीही विरतात, आणि अगदी शेवटी लांबून टेलिफोनची घंटा ऐकू येते. आधीच्या एका प्रयत्नात फोन वाजल्यामुळे काम थांबलं होतं. त्याच टेपवर पुन्हा ध्वनिमुद्रण झालं आणि शेपटाकडचा जुना तुकडा तसाच राहिला. पुढे १९७२ मध्ये लू रीडच्या ‘ट्रान्सफॉर्मर’ अल्बमचा निर्माता म्हणून बोवी आणि रॉन्सन अशी दोन नावं लागली. ‘परफेक्ट डे’मधला पियानो आणि तंतुवाद्यांची मांडणी रॉन्सनची. आज जाहिरातींपासून चित्रपटांपर्यंत ते गाणं कुठेही वाजतं आणि लोक रीडला दाद देतात.

यात कुणी कुणाला फसवलं असं म्हणण्यापेक्षा धंद्याची रीत समजून घ्यावी. गाण्याचं मानधन वर्षानुवर्षं मिळत राहतं ते शब्द आणि चाल ज्याच्या नावावर नोंदली आहे त्याला. संगीत संयोजकाला त्या दिवसाचे पैसे मिळतात आणि तो घरी जातो. गिटारची जी ओळ माणसं पन्नास वर्षं गुणगुणतात ती ‘चाल’ धरली जात नाही. आपल्या हिंदी चित्रपटगीतांतल्या अॅरेंजर मंडळींविषयी ज्यांनी वाचलं आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. रॉन्सनला पुढे एकटा तारा म्हणून उभं करण्याचा प्रयत्नही झाला. ‘स्लॉटर ऑन टेन्थ अॅव्हेन्यू’ हा त्याचा १९७४ चा अल्बम बरा खपला, पण पुढे उभं राहून लोकांच्या नजरा झेलायचा त्याचा स्वभावच नव्हता. मग तो बॉब डिलनच्या रोलिंग थंडर दौऱ्यात वाजवताना दिसतो, मॉट द हूपलच्या इयान हंटरबरोबर दिसतो, १९९२ मध्ये मॉरिसीच्या ‘युअर आर्सेनल’चा निर्माता म्हणून दिसतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वेम्ब्लीला फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात बोवी आणि हंटर यांच्या बाजूला तो वाजवत होता तेव्हा कर्करोगाने त्याला गाठलेलं होतं. वर्षभराने, २९ एप्रिल १९९३ ला, तो गेला. वय ४६.

तरीही मी म्हणेन की रॉन्सन आता दुर्लक्षित नाही. त्याच्यावर पुस्तकं आहेत, माहितीपट आहे, हलमध्ये त्याच्या नावाचा रंगमंच आहे. कारण त्याच्या आयुष्यात गोष्ट आहे: माळी, तारा, पडती बाजू, अकाली मृत्यू. लिहिणाऱ्याला एवढं पुरतं.

गोष्ट असली की किती फरक पडतो याचं टोकाचं उदाहरण जोब्रायथ. अमेरिकेतला हा ब्रूस वेन कॅम्पबेल १९७३ मध्ये इलेक्ट्रा कंपनीतर्फे आला तो टाइम्स स्क्वेअरमधल्या अवाढव्य जाहिरात फलकावरून. उघडपणे समलिंगी म्हणवणारा, मोठ्या कंपनीने करारबद्ध केलेला हा पहिला रॉक गायक. त्याचा व्यवस्थापक जेरी ब्रँट याने पॅरिसच्या ऑपेरा हाउसमधल्या भव्य कार्यक्रमाच्या गप्पा मारल्या, तो कार्यक्रम कधी झालाच नाही. दोन अल्बम निघाले, दोन्ही पडले. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात एड्सने त्याचा मृत्यू झाला. आज त्याच्यावर माहितीपट आहे आणि ज्यांनी एकही गाणं नीट ऐकलं नाही त्यांनाही त्याची कहाणी पाठ आहे. गाणी? दोन-तीन खरोखर सुरेख, बाकीची त्याच्या कहाणीच्या आधाराने उभी आहेत, असं माझं मत. ब्रेट स्मायलीचंही तसंच. अँड्र्यू लूग ओल्डमसारखा निर्माता, १९७४ मधला अल्बम, आणि तो दुकानात आला २००३ मध्ये. पूर्ण अपयश हीसुद्धा एक पुंजी असते, पिढ्या उलटल्यावर तिचं व्याज मिळतं. २००३ सालीच ‘व्हेल्व्हेट टिनमाइन’ नावाचा एक संग्रह निघाला आणि भंगारात गेलेल्या ग्लॅम सिंगलना अचानक भाव आला. संग्राहकांना दुर्मिळ तेवढं प्यारं. त्यात काही गाणी झकास आहेत. बरीचशी का विसरली गेली होती हे पहिल्या मिनिटात कळतं.

यांच्या अगदी उलट टोकाला स्लेड. वुल्व्हरहॅम्प्टन आणि वॉलसॉलच्या कारखानदारी पट्ट्यातली चार पोरं: नॉडी होल्डर, जिम ली, डेव्ह हिल, डॉन पॉवेल. ब्रिटनमध्ये सहा गाणी पहिल्या क्रमांकावर, त्यांतली तीन १९७३ या एकाच वर्षात निघाल्या निघाल्या थेट पहिल्या क्रमांकावर. आरशांच्या चकत्या लावलेली होल्डरची टोपी, डेव्ह हिलचे हास्यास्पद कपडे आणि आपल्या बोलीतल्या उच्चारांप्रमाणे मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने छापलेली शीर्षकं. शिक्षक मंडळी या स्पेलिंगांवर जाम चिडली होती. समीक्षकांनी पाहिलं ते एवढंच, की हे विदूषक आहेत.

‘कॉज आय लव्ह यू’ हे त्यांचं पहिलं नंबर एकचं गाणं १९७१ चं. ते आज ऐकलं की काय विचित्र काम आहे हे लक्षात येतं. जिम लीने त्यात व्हायोलिन वाजवलं आहे, तेही खरखरीत, जत्रेतल्यासारखं. ध्वनिमुद्रण झाल्यावर गाणं मिळमिळीत वाटलं म्हणून त्यावर टाळ्या आणि जमिनीवर बूट आपटल्याचे आवाज चढवले. तो बुटांचा आवाज म्हणजे स्लेड. पुढे त्यांच्या कार्यक्रमांत अख्खं सभागृह तसेच पाय आपटायचं. यावर लेख काय लिहिणार? पाय आपटले, एवढंच. पण रॉकमध्ये श्रोत्याला वाद्य करून टाकणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

डॉन पॉवेलविषयी इथे थोडं थांबते. १९७३ च्या जुलैमध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला. त्यात त्याची मैत्रीण गेली, तो स्वतः कसाबसा वाचला. वास आणि चव गेली, नुकतं घडलेलं लक्षात राहीना. ‘मेरी एक्समस एव्हरीबडी’ हे गाणं त्यानंतर काही आठवड्यांतच न्यूयॉर्कच्या उकाड्यात ध्वनिमुद्रित झालं आणि पॉवेल काठी टेकत स्टुडिओत यायचा. पुढे रंगमंचावर पुढचं गाणं कुठलं हे साथीदारांना त्याला सांगावं लागे. ठेका मात्र हातात शाबूत होता. दर डिसेंबरला ब्रिटनमधल्या प्रत्येक दुकानात ते गाणं वाजतं आणि कुणी कान देत नाही. १९७५ मध्ये स्लेडने ‘स्लेड इन फ्लेम’ हा चित्रपट केला. पोरांना वाटलं धमाल असेल, पण निघाला तो संगीताच्या धंद्यातल्या दलालीचा कडवट, मळकट चित्रपट. त्याने त्यांचं नुकसानच झालं असावं. आज तोच चित्रपट समीक्षक वाखाणतात, आणि का ते उघड आहे. त्यावर लिहिता येतं.

निकी चिन आणि माइक चॅपमन यांच्या गाण्यांचं तर विचारूच नका. १९७३ आणि १९७४ या दोन वर्षांत या जोडीने ब्रिटनमध्ये पाच गाणी पहिल्या क्रमांकावर नेली: स्वीटचं ‘ब्लॉक बस्टर!’, सूझी क्वाट्रोची ‘कॅन द कॅन’ आणि ‘डेव्हिल गेट ड्राइव्ह’, मडची ‘टायगर फीट’ आणि ‘लोनली धिस ख्रिसमस’. ‘टायगर फीट’ हे १९७४ मधलं ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेलं सिंगल. यांना ‘कारखाना’ म्हणून हिणवलं गेलं. स्वतःचं गाणं स्वतः लिहितो तो कलावंत, दुसऱ्याचं गातो तो बाहुला, हा साठच्या दशकातला दंडक इथे जशाचा तसा लावला गेला. याच माइक चॅपमनने १९७८ मध्ये ब्लाँडीचा ‘पॅरलल लाइन्स’ निर्माता म्हणून घडवला, तेव्हा त्याच समीक्षकांनी टोप्या उडवल्या.

सूझी क्वाट्रो डेट्रॉइटची. बहिणींबरोबर मुलींच्या बँडमध्ये किशोरवयापासून वाजवणारी, निर्माता मिकी मोस्टने १९७१ मध्ये इंग्लंडला आणलेली. चामड्याचा अंगाबरोबर बसणारा पोशाख सगळ्यांना आठवतो. कमरेशी लटकणारा बेस ती खरोखर वाजवत होती, आणि बँडमधले तिघे पुरुष तिच्या इशाऱ्यावर चालत होते, हे आठवत नाही. अमेरिकेत तिच्या खोलीभर फोटो लावणाऱ्या पोरींपैकी एक जोन जेट. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जोन जेट २०१५ मध्ये गेली. सूझी क्वाट्रो २०२५ पर्यंत तरी नाही. स्लेड नाही, स्वीट नाही, मॉट द हूपल नाही. क्लीव्हलंडच्या त्या संस्थेला मी फार भाव देत नाही, पण चाहत्यांच्या वादात तो दाखला हटकून निघतो म्हणून नोंदवलं.

जोन जेटचा विषय निघालाच आहे तर अॅरोजचं सांगायला हवं. १९७५ मध्ये या छोट्या बँडचं ‘आय लव्ह रॉक अँड रोल’ एका सिंगलच्या मागच्या बाजूला आलं. पुढे बाजू उलटून पाहिली, तरी फारसं काही झालं नाही. इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना जोन जेटने त्यांना टीव्हीवर पाहिलं, आणि १९८२ मध्ये तिचं ‘आय लव्ह रॉक अँड रोल’ अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. स्लेडच्या ‘कम ऑन फील द नॉइझ’चं तसंच. दहा वर्षं उलटल्यावर क्वाएट रायटने ते गायलं आणि अमेरिकेतल्या पहिल्या पाचांत नेलं, जिथे स्लेडला कुणी विचारलं नव्हतं. या गाण्यांच्या कर्त्यांना निदान मानधन तरी मिळालं असेल. मूळ आवाज मात्र नव्याखाली गाडला गेला.

मॉट द हूपलवर या पुस्तकात मोठा लेख आहे, म्हणून इथे थोडक्यात. बँड मोडायच्या बेतात असताना बोवीने त्यांना ‘ऑल द यंग ड्यूड्स’ दिलं आणि ते तगले. ही गोष्ट इतकी गोड आहे की त्यापुढची त्यांची स्वतःची चांगली गाणी कुणी ऐकतच नाही. मराठी वाचकाला त्यांच्या कहाणीत एक ओळखीचा चेहरा भेटेल. १९७३ च्या शेवटी मॉटच्या ब्रिटनच्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवायला एक नवखा बँड होता, क्वीन. त्याचा गायक फारुख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला. तिथे तो ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. क्वीनच्या ‘नाऊ आय अॅम हिअर’ या गाण्यात हूपलचं नाव येतं ते मॉटबरोबरच्या दौऱ्यांची आठवण म्हणून. पुढे क्वीन कुठे गेले ते सांगायला नको. पाचगणीहून तिथवर जाताना मधला मोठा टप्पा मॉट द हूपलच्या मागच्या बसमध्ये कापला गेला, हे मात्र सांगायला हवं.

वादात कधीच न निघणारं एक नाव मी मुद्दाम पुढे करते: हर्बी फ्लॉवर्स. बेसवादक. लू रीडच्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’मधली ती घसरत चढणारी बेसची ओळ त्याची. एकच ओळ त्याने दोन वाद्यांवर वाजवली, आणि दोन वाद्यांचे दुप्पट पैसे मिळतात हे एक कारण होतं, असं तो स्वतः हसत सांगे. डेव्हिड एसेक्सच्या ‘रॉक ऑन’मध्ये जी पोकळी ऐकू येते ती त्याच्या बेसभोवतीची. बोवीच्या ‘डायमंड डॉग्ज’वर तो, टी. रेक्सच्या शेवटच्या संचात तो. आणि गंमत पाहा, १९७१ च्या जानेवारीत टी. रेक्सचं ‘राइड अ व्हाइट स्वॉन’ दुसऱ्या क्रमांकावर अडलं, तेव्हा वर बसलेलं ‘ग्रँडॅड’ हे आजोबांवरचं बालगीतवजा गाणं लिहिणाऱ्या दोघांपैकी एक हाच. ज्याने बोलनला पहिल्या क्रमांकापासून अडवलं तोच शेवटी बोलनच्या मागे वाजवत होता. २०२४ मध्ये तो गेला तेव्हा मृत्युलेखांत बहुतेक जागा लू रीडनेच खाल्ली.

काय टिकलं आणि काय पुसलं गेलं याचाही यात मोठा वाटा आहे. बीबीसीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे कितीतरी भाग टेप पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले. बोवीच्या ‘स्टारमन’चं सादरीकरण वाचलं म्हणून त्याने गाताना रॉन्सनच्या खांद्यावर टाकलेला हात आज प्रत्येक माहितीपटात दिसतो. ‘जीन जिनी’चं सादरीकरणही गेलंच असं सगळे धरून चालले होते. एका कॅमेरामनने स्वतःसाठी प्रत ठेवली होती, ती २०११ मध्ये बाहेर आली आणि वृत्तपत्रांत बातमी झाली. ज्यांच्या प्रती कुणी ठेवल्या नाहीत, त्यांच्या न सापडण्याची बातमी होत नाही.

एका नावाबद्दल वाचक विचारतीलच. ग्लॅम गायक गॅरी ग्लिटर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी एकाहून जास्त वेळा दोषी ठरला, २०१५ मध्ये त्याला सोळा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्यावर या पुस्तकात लेख नाही. पण त्याच्या रेकॉर्डवरचा एकावर एक रचलेल्या ड्रम्सचा धमधमाट निर्माता माइक लिअँडरचा होता, आणि पुढे ग्लिटरच्या मागे उभ्या राहिलेल्या ग्लिटर बँडमध्ये खरोखर दोन ड्रमवादक होते. या बँडने ‘एंजल फेस’सारखी स्वतःची गाणीही गाजवली. त्या संगीतकारांचा गुन्हा काय? नुसतं नाव जडलं म्हणून त्यांचं काम कायमचं बंद कपाटात. त्यांच्याविषयी एक लेख आहे. तो काहींना रुचणार नाही, याची कल्पना आहे.

लेखांची यादी पाहून कुणी म्हणेल, स्पार्क्स कुठे आहेत? त्यांच्यावर २०२१ मध्ये जवळपास अडीच तासांचा माहितीपट निघाला, त्यांना माझ्या वकिलीची गरज नाही. न्यूयॉर्क डॉल्स? त्यांना ‘क्रीम’ मासिकाच्या वाचकांनी एकाच वर्षी सर्वोत्तम नवा बँड आणि सर्वांत वाईट नवा बँड ठरवलं होतं. पुढे पंकवाल्यांनी त्यांना आजोबा मानलं आणि त्यांची सोय झाली. स्टीव्ह हार्लीच्या कॉकनी रेबलवर दोन लेख आहेत, कारण १९७३ चा ‘द ह्यूमन मिनॅजरी’ हा विजेरी गिटारऐवजी व्हायोलिन आणि पियानोवर उभा केलेला अल्बम मला सोडवला नाही. रॉय वुडवर एकच आहे, आणि तो कमी पडलाय हे मलाही माहीत आहे.

माझं स्वतःचं मत एकाच माणसाला द्यायचं झालं तर मी ते मिक टकरला देईन, स्वीटच्या ड्रमवादकाला. सुरुवातीच्या रेकॉर्डवर कंपनीने स्वीटला फक्त गाऊ दिलं, वाजवायला भाड्याचे वादक आणले. १९७२ च्या ‘विग-वॅम बॅम’पासून बँड स्वतः वाजवू लागला, आणि त्यातला फरक कळायला ‘बॉलरूम ब्लिट्झ’ पुरे. त्या गाण्यामागे किलमार्नकच्या सभागृहात प्रेक्षकांनी बाटल्या फेकून त्यांना मंचावरून पळवल्याची हकिकत आहे. टकरचा हात सुरुवातीपासून स्नेअरवर असा काही धावतो की गाणं पुढे ढकललं जातंय की मागून कुणी पाठलाग करतंय ते कळत नाही, आणि तरीही एक ठोका इकडचा तिकडे होत नाही. तो २००२ मध्ये गेला. त्याच्या आयुष्यात नाट्य बेताचंच होतं, मुलाखतीत तो फारसं खळबळजनक बोलला नाही, त्याच्यावर चित्रपट निघण्याची शक्यता नाही. स्वीटवरच्या लेखात ड्रम्सची पानं प्रमाणाबाहेर झाली आहेत असं हस्तलिखित वाचणाऱ्यांपैकी दोघांनी सांगितलं. मी ती कमी केलेली नाहीत.